खंड्याची गोळी

धरणाच्या कुंपणावर खंड्या बसला होता. पहारेकरी तडवीने त्याच्यावर बंदूक रोखली.

"बाई, दुर्बीण खाली ठेवा. पंचवीस मिनिटं हललेला नाही. अर्धा तास झाला की पाडायचा, असा हुकूम आहे."

"अहो, मासा पचवतोय तो," पक्षी बघायला आलेल्या कुमुदबाई म्हणाल्या. "दरडीतल्या बिळात पिल्लं आहेत त्याची."

"मागचा बगळाही पचवतच होता. पोटात कॅमेरा निघाला!"

बाईंनाही ते ठाऊक होतं. हल्लीचे हेरगिरीचे यंत्रपक्षी पिसं साफ करत, शीळ घालत, शिटतसुद्धा.

"उरलेली पाच मिनिटं तरी द्या. फक्त चोचीकडे बघा."

तडवी नेम धरूनच बघत राहिला. चौथ्या मिनिटाला खंड्याने मान ताणली, चोच वासली, एक राखाडी गोळी खाली टाकली आणि तो दरडीकडे उडाला. तडवीने गोळी काडीने फोडली. आत माशाचे काटे आणि खेकड्याची नांगी निघाली.

"न पचलेलं ओकतो होय हा?"

"रोज. यंत्रं करणाऱ्यांनी इतका वेळ बघितलंच नसणार."

तडवीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि बंदूक खांद्याला अडकवली.

"बाई, ती दुर्बीण द्या की जरा. पिल्लं दिसतात का बघतो."