नावाची हाक

नवऱ्यामागं फटफटीवर बसलेली बाई बघायला अख्खं गाव वेशीत जमलं होतं. सासू कडाकडा बोटं मोडत होती. सुंदरबाईनं पदर खोचला आणि सगळ्यांदेखत अर्जुनरावांच्या कमरेला मिठी मारली. अर्जुनरावांच्या सरकारी कचेरीला जुम्म्याची, शुक्रवारची सुट्टी होती, मांजरसुंब्याचा घाट बघायचा होता. बघणाऱ्यांचे डोळे फुटले तर फुटू देत!

भर दुपारी घाटाखालच्या ओढ्याशी अर्जुनरावांनी फटफटी थांबवली. "काय गं, मघापासून माझ्या नावानं हाका कशाला मारायलीस?"

"मी? उखाण्यात घेतलं तेवढंच तुमचं नाव. हाक कशी मारीन?"

"तुझाच आवाज हाय. ही बघ, पुन्हा आली," म्हणत ते बाभळींत शिरले.

थोड्या वेळानं परतले, ते थेट फटफटीवर बसले. तीही बसली. घाट लागला.

"कोण होतं वो?"

ते पुढंच बघत वळण घेत राहिले. उन्हातून आलेल्या माणसाची पाठ माठासारखी गार लागत होती.

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं सासू सांगायची. सासूचं सांगणं गेलं चुलीत, म्हणत सुंदरबाई जन्मात पहिल्यांदा ओरडली, "अर्जुनराव!"

"ओ!"

ओ आली ती मागून, खाली राहिलेल्या ओढ्याकडून. "सुंदर, मला टाकून कुठं निघालीस गं?"

पुढच्यानं मान वळवली नाही. फटफटीचा वेग तेवढा वाढला.

सुंदरबाईनं मिठी सोडली नाही. उलट त्याचा सदरा मुठीत आवळून ती म्हणाली, "कोण हायेस बे तू? तोंड दाखव!"

"सुंदरबाई," पुढून हाक आली. तिच्याच आवाजात.