एक घर वगळून

"वैनी, आमची सगळी पॅनेलं उडाली. खाडीवरची तार जोडा!" पलीकडच्या गावची वीज सांभाळणारा सदानंद तांडेल फोनवर ओरडत होता. वादळाआधीच्या शेवटच्या उन्हाच्या लोभाने त्याने सौर पॅनेलं उभीच ठेवली होती.

इंदुमती मयेकरने आपल्या गावची पॅनेलं कालच आडवी पाडून जाळ्याच्या दोरांनी आवळली होती. तिच्या बॅटऱ्या भरलेल्या होत्या.

गेल्या चक्रीवादळात तिनेही त्याच्याकडे वीज मागितली होती. "आमचीच आम्हाला पुरायची नाही," म्हणत त्याने फोन ठेवला होता. तासाभरात तिच्या नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं.

"देते," ती म्हणाली. तिने तार जोडली; समोरच्या संगणकाच्या पडद्यावर त्याच्या गावातली घरं एकेक करून उजळली. एक घर तिने वगळलं.

"वैनी, माझ्याकडे वीज नाही आली! आई मशीनवर आहे. बॅटरी अर्धा तास पुरेल."

"मग शेजारी न्या त्यांना. तिथे आहे वीज."

"ह्या वाऱ्यात? म्हातारीला उचलून?"

"मीही ह्यांना उचलून दारात उभी होते, भावजी. सगळीकडे काळोख होता. फक्त खाडीपलीकडे तुमचे दिवे दिसत होते."