पहिली वेलांटी

घरी सरकारी मदतनीस मिळाल्याशिवाय काकूंना गुडघ्याचं ऑपरेशन करून घेता येणार नव्हतं. पाहणीला अधिकारी बाई येणार म्हणून त्यांनी सकाळीच निवृत्त हेडमास्तर नवऱ्याला अंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला. परक्यापुढे त्यांची शोभा व्हायला नको! हेडमास्तर ऐटीत बसले. बाईंच्या फॉर्ममध्ये डोकावून कडाडले, “स्मृतिभ्रंशाला दुसरी वेलांटी? पहिली द्या!” बाई खळखळून हसल्या. “काकू, सर तर ठणठणीत आहेत!” “अहो, काल मला चोर समजून त्यांनी बाथरूममध्ये कोंडलं होतं,” काकू कळवळून म्हणाल्या. “वयोमानानं व्हायचंच,” म्हणत बाईंनी ‘मदतीची गरज नाही’ लिहून सही ठोकली. दारापर्यंत पोचवायला गेलेले हेडमास्तर हळूच म्हणाले, “मीही निघतो तुमच्याबरोबर. घरी बायको वाट बघत असेल.” “मिश्कील आहेत सर!” बाई हसतच गेल्या. काकूंनी दाराला आतून कुलूप घातलं.