कॅफेतला जिप्सी

"गळ्यापाशी गोरा राहिलायस बघ," बर्टोल्ड म्हणाला.

एमिलनं बशीतल्या अक्रोडाच्या पाण्यात बोटं बुडवली आणि गळ्याला आणखी एक तपकिरी हात दिला. बर्लिनच्या त्या कॅफेमागच्या खोलीत दर दुपारी एमिल ड्रेशरचा असा यानोश बराबाश व्हायचा. हंगेरीच्या माळावर, जिप्सींच्या गाडीत जन्मलेला, व्हायोलिनचा राजा! बाहेरच्या पाटीवर तसं ढळढळीत रंगवलेलंच होतं. खरा जन्म कुठला, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. माग्डेबुर्गच्या अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडलेलं पोर ते. वाद्यवृंदात हे माहीत होतं फक्त बर्टोल्डला. मूकपटांच्या जमान्यात दोघं माग्डेबुर्गच्याच एका सिनेमागृहात पडद्याखाली बसून वाजवायचे.

"आणि तू रे कशाला पावडर थापतोयस? तुला कोण बघतंय?"

"घाम येतो."

"घाम यायला आधी जीव ओतून वाजवावं लागतं, लेका. कारकुनासारखा वाजवतोस तू. आणि मेल्या, समोरचं सुरावटीचं पान तरी उलटत जा! काल अख्खा कार्यक्रम एकाच पानावर काढलास."

"पाठ आहे मला."

"पाठ असून काय उपयोग? रक्तात असावं लागतं, रक्तात!" एमिल खदाखदा हसला.

हा टोमणा वर्षानुवर्षांचा. तो ऐकून बर्टोल्ड आपल्या व्हायोलिनच्या तारा लावायला घ्यायचा. एमिलनं पुढे उभं राहायचं, टाळ्या घ्यायच्या. ह्यानं मागे बसून साथ करायची. चेलो वाजवणाऱ्या हेडविगबाईंनी मात्र त्याला एकदा पकडलं होतं. तालीम संपल्यावर रिकाम्या कॅफेत हा एमिलच्या जागेवर जाऊन उभा होता, व्हायोलिन हनुवटीखाली, डोळे मिटलेले. बाईंची चाहूल लागताच चोरासारखा खाली उतरला. याच्या पोटात काय शिजतंय, ते बाईंनी तेव्हाच ओळखलं.

एमिलनं लाल रेशमी पट्टा कमरेला आवळला, आणि त्याच वेळी दार उघडलं. लांब कोट घातलेले दोन पोलीस, आणि त्यांच्यामागे पांढराफटक पडलेला कॅफेचा मॅनेजर.

"तक्रार आलीय," त्यातला थोरला म्हणाला. "ह्या वाद्यवृंदात एक जिप्सी आहे. त्याचं नाव दिलेलं नाही. कोण तो?"

युद्धाच्या त्या हिवाळ्यात पोलीस जिप्सींना पकडून कुठं नेतात, हे कुणी तोंडानं बोलत नसे. नेलेला परत येत नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

त्या प्रश्नावर एमिललाच हसू फुटलं.

"अहो साहेब, तक्रार कशाला हवी? बाहेर पुरुषभर उंचीची पाटी लावलीय की!" त्यानं ओला टॉवेल उचलला आणि एक गाल खसाखसा पुसला. खालून गुलाबी कातडी निघाली. "हे बघा. अक्रोड आहे नुसतं! मी एमिल ड्रेशर. पोटासाठी घेतलेलं सोंग आहे हे."

"कागदपत्रं?"

"घरावर बाँब पडला गेल्या महिन्यात. सगळं जळालं."

"आईबाप?"

एमिलचं हसू मावळलं. "अनाथाश्रमात वाढलो, साहेब."

"म्हणजे कुणाचं रक्त ते ठाऊक नाही. आणि शहरभर सांगत फिरतोस की जिप्सींच्या गाडीत जन्मलो."

"ते जाहिरातीपुरतं हो! ह्याला विचारा ना. हा माझा जुना दोस्त. बर्टोल्ड, सांग ना रे बाबा! माग्डेबुर्गचं सांग ह्यांना."

पोलिसानं बर्टोल्डकडे पाहिलं. गोरा चेहरा, चापून बसवलेले केस, गुंडी न् गुंडी लावलेली.

"तुमच्यासारख्या सभ्य गृहस्थाचं आम्ही ऐकू. बोला."

बर्टोल्डनं हातातली पावडर खाली ठेवली.

"मी ह्यांना बराबाश म्हणूनच ओळखतो, साहेब." थोडं थांबून तो म्हणाला, "ते स्वतःच म्हणतात नेहमी, रक्तात असावं लागतं."

एमिलला आधी ही थट्टाच वाटली. "अरे, मस्करीची वेळ आहे का ही?" मग त्याचे हात मागे पिरगाळले गेले आणि तो लहान पोरासारखा ओरडायला लागला. "बर्टोल्ड! अरे, एक शब्द बोल! एकच!" एक गाल तपकिरी, एक गुलाबी, अशा अवतारात त्याला कॅफेतूनच ओढत नेलं. खेळ सुरू झाला असं वाटून टेबलांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

हेडविगबाई बर्टोल्डच्या बुटांवर थुंकल्या.

"एका जागेपायी, मेल्या? पुढे उभं राहायचं म्हणून मित्राचा गळा कापलास?"

त्यानं खिशातून रुमाल काढला, बूट पुसले आणि मॅनेजरनं सांगितलं तसा निमूट पुढे जाऊन उभा राहिला. लोकांना जिप्सी हवा होता; मिळाल्या वाल्ट्झ नाचाच्या सरळसोट धुना. एक सूर चुकला नाही आणि एक डोळा ओलावला नाही. धाकटा पोलीस मागे थांबला होता. त्यानं कॉफी संपेपर्यंत सगळं ऐकलं आणि मॅनेजरला म्हणाला, "ह्याला म्हणतात वाजवणं. स्वच्छ, जर्मन."

"मिळाली ना जागा?" जाताना हेडविगबाईंनी विचारलं.

"मिळाली," बर्टोल्ड म्हणाला.

तो घरी पोचला तेव्हा अंधार पडत होता. त्याची आजारी आई गेली दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. शेजाऱ्यांनी तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. ती दारामागेच उभी होती. त्यानं आत येऊन कडी लावेपर्यंत ती गप्प राहिली. मग, जिचा एक शब्दही चारचौघांत उच्चारायचा नाही अशी तिनं त्याला लहानपणापासून ताकीद दिली होती, त्या जिप्सींच्या भाषेत तिनं विचारलं, "कुणी ओळखलं तर नाही ना रे तुला?"

"नाही, आई," त्याच भाषेत तो म्हणाला. "त्यांना एक हवा होता. मी दिला."