सोमवारपासून साखरबंदी

कोलकात्यातल्या बालीगंजच्या एका शाळेत पालकसभा तावातावाने चालली होती. वाढदिवसाची चॉकलेटं, टॉफ्या, डब्यातलं गोडधोड, सगळं उद्यापासून बंद, असं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात विनीता उठली. नाशिकच्या शाळेत साखरबंदीसाठी गेल्याच वर्षी हिनेच घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या होत्या. आज मात्र तिने सगळ्यांपुढे अक्षरशः हात जोडले. "नियम जरूर करा, पण शुक्रवारनंतर करा हो. शुक्रवारी माझ्या मुलीचा वाढदिवस आहे."

कुणीतरी हसलं. दातांची डॉक्टर असलेल्या एका आईच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण विनीता काही खाली बसेना. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे इथे आल्यापासून ऋता मधल्या सुट्टीत एकटीच डबा खात होती. चॉकलेटांच्या निमित्ताने तरी वर्गातल्या मुली पोरीशी दोन शब्द बोलतील, एवढी एकच आशा आता विनीताला उरली होती. शेवटी मुख्याध्यापिका कंटाळून म्हणाल्या, "बरं बाई, सोमवारपासून."

शुक्रवारी ऋता घरी आली, तेव्हा चॉकलेटांचा डबा सकाळी भरून दिला होता तसाच दप्तरात होता.

"मिस म्हणाल्या, आज ज्याचा वाढदिवस असेल त्याने हात वर करायचा आणि आपल्या बेस्ट फ्रेंडला सोबत घेऊन चॉकलेटं वाटायची," बूट काढता काढता ती म्हणाली.

"मग?"

 

"मग मी हातच वर केला नाही."