पाळकसाहेब संडास धुतात

"द्या इकडे," म्हणत पाळकसाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि मावशीच्या हातातला संडासचा ब्रश काढून घेतला. "मावशी, आजपासून हे काम माझं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, मग मला चर्चचे संडास धुवायला काय धाड भरलीय? तुम्ही आराम करा."

मागे पंचकमिटीचे सेक्रेटरी मोबाइल धरून उभे होते. "साहेब, जरा वाका. हां, आता चेहरा दिसू द्या."

मावशीला हसावं की रडावं कळेना. अकरा वर्षं ती हे चर्च झाडत होती, संडास घासत होती आणि त्या कामाबरोबर मिळालेल्या मागच्या खोलीत सासूला घेऊन राहत होती. सासूचं खुब्याचं हाड मोडलेलं. म्हातारी खाटेवरून उठत नव्हती. जीभ मात्र ठणठणीत होती.

रविवारी पाळकसाहेबांनी नम्रतेवर तासभर संदेश दिला. त्यात ब्रश सात वेळा आला. बायका रडल्या, बाप्यांनी नाकं शिंकरली. सोमवारी सेक्रेटरींनी मावशीच्या हातात चिठ्ठी ठेवली. सफाईवालीच लागत नाही, तर सफाईवालीची खोली कशाला? महिनाअखेर रिकामी करा, तिथे खुर्च्या ठेवायच्या आहेत.

"पाळकसाहेबांना ठाऊक आहे हे?" मावशीने विचारलं.

"त्यांना कशाला असल्या बारीकसारीक गोष्टीत ओढायचं? देवाचा माणूस तो."

देवाचा माणूस रोज सकाळी नवाला यायचा, अर्धी बाटली फिनेल ओतायचा, गीत गुणगुणत ब्रश दोनदा गरगर फिरवायचा आणि पाणी सोडून निघून जायचा. भांड्याच्या कडेखाली हात घालावा लागतो, जाळीत अडकलेले केस बोटांनी ओढून काढावे लागतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. दुपारी मावशी गुपचूप जायची आणि सगळं पुन्हा घासायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. अकरा वर्षं ज्या लाद्या लख्ख ठेवल्या त्यांच्यावर लोकांचा गू वाळलेला तिला बघवत नव्हता, एवढंच.

दुसऱ्या रविवारी मंडळी म्हणाली, "बघा, साहेबांच्या हाताला कसा आशीर्वाद आहे. चकाचक!"

म्हातारीला हे कळलं तशी ती खाटेवरून कडाडली. "अगं बये, त्याला संत तूच केलास की! येशूने पाय धुतले, कबूल. पण पाय धुणाऱ्या गड्याला घराबाहेर काढून धुतले का? आठवडाभर तिकडे फिरकू नकोस. बघू देव कुणाच्या बाजूने आहे ते."

"आई, देवाला मध्ये आणू नका."

"मी कुठे आणलाय? त्यानेच आणलाय."

मावशी फिरकली नाही. देवाचं काही कळलं नाही, पण शनिवारपर्यंत माश्या तरी तिच्या बाजूने झाल्या.

शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेब नाकाला रुमाल लावून खोलीच्या दारात आले. "मावशी, मी रोज करतो तसंच करतोय, पण एकाएकी असा वास... पाइपात काही बिघाड आहे का?"

"पाइप धडधाकट आहे, साहेब. तुम्हाला संडास धुता येत नाही. इतके दिवस तुमच्या मागून मी धूत होते."

पाळकसाहेब हसायला गेले. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीशी बांधून ठेवलेल्या बोचक्यांवर गेली. "कुठे निघालात?"

"रस्त्यावर," खाटेवरून म्हातारी म्हणाली. "तुम्ही नम्र झालात ना, म्हणून आम्ही बेघर झालो. कमिटीने चिठ्ठी दिलीय."

"मला कुणी सांगितलं नाही हो!"

"तुम्ही विचारलंत?" मावशी म्हणाली.

पाळकसाहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. ते तसेच मागे फिरले.

रविवारी ते पुलपिटवर चढले. बायबल उघडलं, मिटलं. "मला संडास धुता येत नाही," ते म्हणाले.

"आमेन!" मागच्या बाकावरून आवाज आला. "काय ही नम्रता!"

"अहो, खरंच येत नाही. मावशीच धूत होत्या. मी त्यांचं काम घेतलं, वर त्यांची खोलीही चाललीय..."

"बघा, बघा, श्रेयसुद्धा दुसऱ्याला देतात!" पंचकमिटीच्या अध्यक्ष असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे पुसले.

माणूस जितकं खरं बोलत होता तितका संत होत चालला होता. अशाने आपली बोचकी उद्या रस्त्यावर जाणार, हे मावशीच्या ध्यानात आलं. अकरा वर्षांत ती या चर्चमध्ये कधी मोठ्याने बोलली नव्हती. ती उठली.

"ही नम्रता नाही हो," ती म्हणाली. "त्यांना येतच नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन वास घ्या."

मुख्याध्यापिकाबाई ताठ मानेने उठल्या, बाजूच्या दाराने गेल्या आणि गेल्या पावली परत आल्या. पदर नाकाशी. "अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि हे प्रार्थनेतलं "अरे देवा" नव्हतं. "मावशी, उद्यापासून तुम्हीच या. आणि सेक्रेटरी, खुर्च्या तुमच्या घरी ठेवा. यांच्या खोलीला कुणी हात लावायचा नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग बाकच्या बाक हसले. म्हातारे खोकेपर्यंत हसले. पाळकसाहेब पुलपिटवर तसेच उभे, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. तीन आठवडे ते नम्र होत होते; त्यात काडीचीही मजा आली नाही असा हा पहिलाच दिवस.