बादलीतलं लिंबू

थोरलीने दारासमोरचा बर्फ फावड्याने सकाळपासून तिसऱ्यांदा बाजूला केला, तोच खिशातला फोन वाजला. रविवार, अकरा वाजलेले. म्हणजे धाकटीच.

धाकटीने कशी आहेस वगैरे न विचारता फोन सरळ आपल्या अंगणाकडे वळवला. दर रविवारी वळवायची, कोणी मागितलेलं नसताना. तिकडे दक्षिणेत भर जानेवारीत दोरीवरचे कपडे वाऱ्यावर उडत होते. पायरीवर मांजर उन्हात लोळत पडलं होतं. कुंपणाच्या भिंतीपेक्षा उंच झालेलं लिंबाचं झाड पिवळंधमक दिसत होतं आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून आई बसली होती. आईच्या पायात मोजेसुद्धा नव्हते. ते पाहून थोरलीच्या पोटात दुखलं.

"वेचून वेचून कंटाळा आला गं," धाकटी म्हणाली. "सारखी पायाखाली येतात लिंबं. शेजारचेही आता नको म्हणतात."

तक्रारीच्या सुरात मिरवायचं कसं, हे धाकटीकडून शिकावं.

थोरलीच्या अंगणात पाण्याचा पाइप वेटोळं घालून गोठला होता. परवा दोरीवर विसरलेला टॉवेल फळीसारखा ताठ झाला होता. आईने दोघी बहिणींना एकाच दिवशी एकाच झाडाची रोपं दिली होती. धाकटीचं जमिनीत गेलं. थोरलीचं राहिलं बादलीत, कारण इथल्या उत्तरेच्या थंडीत ते एका रात्रीत मेलं असतं. दरवर्षी थंडी सुरू झाली की ती आणि तिचा नवरा मिळून बादली घरात ओढत, खिडकीपाशी ठेवत. त्या उपकाराची फेड म्हणून झाड पानं गाळत असे. फळ आजवर एकही नाही.

सात वर्षांपूर्वी आई थोरलीकडेच राहायची. मग धाकटीने आपल्या झाडाचा फोटो पाठवला, फांदीला तीन लिंबं. आई त्या फोटोकडे बघतच राहिली. "जिथे लिंबू धरतं तिथे माझे गुडघेही धड राहतील," म्हणाली आणि आठवड्याच्या आत तिने बॅग भरली. त्या तीन लिंबांवर थोरली अजून जळत होती.

"तुझ्या झाडाला आलं का गं काही?" आईने विचारलं.

हेही दर रविवारचंच. दर रविवारी थोरली 'नाही गं' म्हणायची. पण आज बर्फ उपसून तिची पाठ भरून आली होती, आणि ते मांजर तर डोक्यातच गेलं होतं.

"आलीत की," ती म्हणाली. "चार."

"चार? दाखव, दाखव!"

"थांब हं आई, दूध उतू जातंय. करते परत."

गॅसवर काहीच नव्हतं. फ्रिजमध्ये तीन लिंबं होती आणि एक अर्धं. शिवणाच्या डब्यातलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन ती झाडापाशी बसली. नवरा पेपर खाली करून बघत राहिला.

"अगं, काय चाललंय काय?"

"फोन धरा. आणि जरा लांबून धरा."

चौथ्या लिंबाची कापलेली बाजू तिने भिंतीकडे फिरवली.

पलीकडे आईने फोन अगदी नाकाशी नेला. "अगं बाई! खरंच की! म्हणजे तुझ्याकडेही ऊन येतं. मी मेली उगाच घाबरत बसले इतकी वर्षं. येते मी. या महिन्यातच येते."

"आई, तिकडे गुडघाभर बर्फ आहे," मागून धाकटी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"लिंबाला चालतंय ना? मग मला का नाही चालणार? माझा चष्मा दे गं, जरा नीट बघू दे."

धाकटी आईच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकली. तिने झाड पाहिलं. मग डोळे बारीक करून परत पाहिलं. चष्मा आईच्या मागे कठड्यावरच होता, थोरलीला तो इथूनही दिसत होता. धाकटीने नुसता हात लांब केला असता तरी पुरे होतं.

"आत राहिलाय वाटतं," धाकटी म्हणाली. "नंतर बघ." आणि तिने फोन बंद केला.

"आता त्या आल्यावर काय करणार आहेस?" नवऱ्याने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा," थोरली म्हणाली. आई येणार होती, धाकटीच्या उन्हातून उठून तिच्याकडे येणार होती, आणि एवढं होऊनही तिला हवा तेवढा आनंद होत नव्हता. ती कात्री आणायला उठली, तोच धाकटीचा मेसेज आला.

"पांढरा दिसतो, ताई. हिरवा घ्यायचा."

थोरली आधी भडकली. मग खाली बसली आणि तिने सात वर्षांपूर्वीचा तो फोटो उघडला. शोधावा लागला नाही, इतक्या वेळा उघडला होता. पण दर वेळी तिने बघितली होती ती लिंबंच. आज तिने दोन बोटांनी देठ मोठा केला.

देठाला हिरवा दोरा होता. शाळेत जाताना आई दोघींच्या वेण्यांना घालायची, तशी दोन फासांची गाठ.